‘८ गेज’ अ‍ॅम्प वायरिंग किट: काय ठेवायचं, काय बदलायचं

कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत आणि ऑनलाइन हजार-बाराशेला मिळणारं, कारमधल्या स्पीकरचा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) बॅटरीला जोडायचं हे बिनब्रँडचं किट. पाकिटावर ‘८ गेज, १५०० वॅट’ असं ठळक छापलेलं; गेज म्हणजे वायरच्या जाडीचं माप. आत पाच मीटर लाल पॉवर वायर, एक मीटर काळी अर्थ वायर, निळी रिमोट वायर (स्टीरिओबरोबर अ‍ॅम्प चालू-बंद करणारी), आरसीए केबल (स्टीरिओकडून अ‍ॅम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणारी), ६० अँपिअरच्या काचेच्या फ्यूजचा होल्डर आणि थोडे लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या कड्या).

लाल वायर कापली की खरं काय ते कळतं. इन्सुलेशन इतकं जाड की बाहेरून वायर भरभक्कम वाटते. आतला तारांचा गठ्ठा मात्र जेमतेम ४ चौरस मिलिमीटरचा. खऱ्या ८ गेजला ८.४ लागतात. ब्लेडने तार खरवडा, तांब्याचा मुलामा निघून पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसतं. ही सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार. तिची वाहकता तांब्याच्या साधारण ६५ टक्के. चार चॅनल, प्रत्येकी ५० वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण जोरात ३० अँपिअरच्या आसपास ओढतो. म्हणजे पाच मीटरमध्ये जवळपास एक व्होल्ट वायरच खाते आणि बासच्या प्रत्येक ठोक्याला आवाज दबतो. छापील १५०० वॅटला तर शंभराहून जास्त अँपिअर लागतील!

मला सगळ्यात जास्त खटकतो तो फ्यूज. फ्यूज असतो वायर वाचवायला. इथे अर्धवट शॉर्ट होऊन ५० अँपिअर वाहत राहिले तर ६०चा फ्यूज उडणार नाही, वायर मात्र तापत जाऊन वितळेल. हा धोका पत्करण्यासारखा नाही. काचेच्या फ्यूजची टोकं होल्डरमध्ये सैल बसतात, तिथेही प्लास्टिक काळं पडतं.

त्यामुळे आरसीए केबल आणि रिमोट वायर ठेवा; पॉवर, अर्थ आणि होल्डर बदला. इलेक्ट्रिकलच्या दुकानात आयएस ६९४ (पीव्हीसी वायरचं भारतीय मानक) चा शिक्का असलेली १० चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर मीटरवर मिळते. तिचं पीव्हीसी ७० अंशांचं असतं, म्हणून बॉनेटखाली ती नालीदार पाइपातून आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्या. सोबत मिनी एएनएल (स्क्रूने कसायच्या पट्टीच्या फ्यूजचा) होल्डर आणि ४० अँपिअरचा तसलाच फ्यूज घ्या.

बसवताना आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वायर रबरी ग्रोमेटशिवाय, म्हणजे भोकात बसवायच्या रबरी कड्याशिवाय, नेऊच नका. पत्र्याची धार इन्सुलेशन कापते. पॉवर वायर एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने. अर्थला तेवढ्याच जाडीची, अर्ध्या मीटरच्या आतली वायर घ्या. बॉडीवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, लग दाबून बोल्ट कसा आणि वरून ग्रीस लावा. कोकण-मुंबईच्या दमट हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो. रेस दिल्यावर स्पीकरमधून शीळ ऐकू आली तर आधी हाच जोड तपासा.

काम झालं की इंजिन चालू ठेवून गाणं जोरात लावा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं अ‍ॅम्पच्या प्लसला. ०.५ व्होल्टच्या वर आकडा गेला तर कुठला तरी लग नीट दाबला गेलेला नाही. अ‍ॅम्पचा मायनस ते बॅटरीचा मायनस हेही तसंच मोजा, तिथे ०.१ ते ०.२ च्या वर चालवून घेऊ नका.