कासाई शस्त्रक्रियेनंतर रक्तातल्या कुठल्या आकड्याकडे बघायचं?

नावानं दचकू नका. कासाई हे जपानी शल्यविशारद मोरिओ कासाई यांचं आडनाव. बिलिअरी अट्रेझिया झालेल्या बाळाच्या यकृताबाहेरच्या पित्तनलिका बुजत जातात. त्या काढून आतड्याचा एक भाग थेट यकृताच्या दाराशी जोडायची ही शस्त्रक्रिया त्यांनी १९५०च्या दशकात सुरू केली. पित्त वाहू लागलं तर बाळाचं स्वतःचं यकृत काही वर्षं, कधीकधी थेट मोठेपणापर्यंत साथ देतं. नाही वाहिलं तर प्रत्यारोपणाची तयारी लवकर करावी लागते, बहुधा वयाच्या दोन वर्षांच्या आतच.

दोन्हीपैकी आपलं बाळ कुठल्या वाटेवर आहे, हे रिपोर्टमधून कळेल या आशेनं आईवडील कागद चाळत बसतात. पंधरा-वीस आकडे, निम्म्यांपुढे बाण. पण हे सगळे आकडे एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आणि तो विचारायची वेळही वेगळी. माझ्या मते गोंधळ होतो तो इथेच.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांपुरतं बोलायचं तर एकूण बिलिरुबिनच्या, म्हणजे पित्तातून बाहेर पडणाऱ्या आणि साठलं की कावीळ करणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्याच्या, जवळपासही दुसरं काही येत नाही. तपासणी साधी, कुठेही होणारी, आणि प्रश्न थेट: पित्त वाहतंय का? उत्तर अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात, पहिल्या तीन महिन्यांत ज्यांचं बिलिरुबिन २ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं त्यांच्यापैकी ८६ टक्के बाळं वयाच्या दोन वर्षांपर्यंत स्वतःच्या यकृतावर जगत होती. ज्यांचं आलं नाही, त्यांच्यात हे प्रमाण २० टक्के होतं. एवढी मोठी दरी दाखवणारा दुसरा साधा आकडा या आजारात नाही. म्हणून तीन महिन्यांनीही बिलिरुबिन २च्या वर अडून राहिलं, तर प्रत्यारोपण केंद्राशी बोलणं लांबवू नये. बोलणं म्हणजे लगेच प्रत्यारोपण नव्हे.

मात्र तिसऱ्या आठवड्यात धीर सोडू नका. बिलिरुबिनचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो आणि अल्ब्युमिनचं अर्धायुष्य साधारण तीन आठवड्यांचं. पित्त वाहायला लागलं तरी हा चिकटलेला साठा सावकाशच उतरतो. शीचा रंग आधी पिवळा-हिरवा होतो, कागद मागून येतो.

आता बिलिरुबिनची दुबळी बाजू. ते सामान्य झालं म्हणजे यकृत बरं झालं असं नाही. कावीळ उतरलेल्या बाळांतही यकृताच्या आत व्रणासारखे कडक तंतू वाढत राहू शकतात, प्लीहा मोठी होऊ शकते, आणि बिलिरुबिन त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. या टप्प्यावर दोन उमेदवार आहेत: आप्री (तंतू किती वाढले याचा अंदाज देणारा आकडा) आणि पित्ताम्लं (पित्तातली आम्लं, निचरा अडला की रक्तात साठणारी).

आप्री वेगळी तपासणी नाही, हातातल्या रिपोर्टवरून करायचं गणित आहे. एसजीओटीला (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं विकर, एएसटी असंही लिहितात) प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेनं भागायचं, १००नं गुणायचं आणि हजारांतल्या प्लेटलेटनं भागायचं. एसजीओटी १२०, मर्यादा ४०, प्लेटलेट ३ लाख, तर आप्री १. प्लेटलेट दीड लाखांवर आल्या की तीच २ होते. तंतू वाढले की प्लीहा फुगते, प्लेटलेट घटतात, आकडा चढतो. जादा रक्त लागत नाही, ही मोठी सोय.

पण फसवण्यात आप्रीचा हात कुणी धरणार नाही. टाचेतून पिळून घेतलेल्या रक्तात लाल पेशी फुटल्या की एसजीओटी खोटंच वाढतं. नळीत प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या तर त्या कमी मोजल्या जातात. उलट, संसर्गात प्लेटलेट उसळतात आणि आप्री खोटी कमी दिसते. प्रयोगशाळा बदलली की मर्यादा बदलते, म्हणजे बाळ तेच आणि आप्री वेगळी. एका आकड्यावरून काही ठरवू नका. एकाच प्रयोगशाळेतले तीन-चार महिन्यांचे आकडे ओळीनं मांडून कल बघा.

पित्ताम्लांचा प्रश्न जास्त बारीक आहे: कावीळ उतरली खरी, पण निचरा पुरेसा आहे का? बिलिरुबिन सामान्य झालेल्या बाळांत शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी पित्ताम्लं ४० मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर असतील, तर पुढच्या वर्षांत प्लेटलेट घटण्याचा आणि प्रत्यारोपण लागण्याचा धोका जास्त दिसला आहे. कावीळ उतरलेल्यांमध्ये निवड करायची तर माझं मत या तपासणीला. अडचण दोन ठिकाणी येते. ती सगळीकडे होत नाही, आणि बाळाला पित्त वाहतं राहावं म्हणून दिलं जाणारं अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड चालू असेल तर ते स्वतःच पित्ताम्ल असल्यानं एकूण आकड्यात मिसळतं. रक्त देताना हे औषध चिठ्ठीवर लिहून घ्या. कावीळच उतरली नसेल तर ही तपासणी करून नवं काही कळत नाही.

एमएमपी-७ची हल्ली बरीच चर्चा आहे, आणि निदानापुरती ती रास्त आहे. पित्तनलिकेच्या पेशींतून येणारं हे प्रथिन बिलिअरी अट्रेझियाला इतर काविळींपासून छान वेगळं काढतं. पण शस्त्रक्रियेच्या वेळचा आकडा पुढचं भाकीत करतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. शिवाय किट बदललं की मर्यादा कितीतरी पट बदलते. घरच्या निर्णयासाठी तूर्त यात जीव अडकवू नये.

जीजीटी या पित्तनलिकांशी जोडलेल्या विकराचा बाण वर दिसतोच. कावीळ उतरत असतानाही ते चढलेलं राहू शकतं, त्यामुळे एकट्या जीजीटीवरून झोप उडवून घेऊ नका.

अल्ब्युमिन आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) उशिरा बोलतात. ते बिघडतात तेव्हा भाकिताची वेळ टळून गेलेली असते. प्रत्यारोपणाच्या यादीत क्रम ठरवणाऱ्या पेल्ड गुणांकात बिलिरुबिनसोबत ते असतात ते म्हणूनच. एक अपवाद सांगायलाच हवा. पित्त आतड्यात पोचत नसेल तर के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि आयएनआर त्यामुळेही वाढतं. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिल्यावर ते खाली आलं, तर दोष जीवनसत्त्वाचा होता. नाही आलं, तर यकृताचा.

आणि ताप आला, शी पुन्हा पांढुरकी झाली, तर वरचा एकही आकडा बघत बसायचं नाही. पित्तमार्गाचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. त्या दिवसांतले आकडे कलाच्या ओळीत धरायचे नाहीत, संसर्ग निवळल्यावर पुन्हा रक्त द्यायचं. नवा रिपोर्ट हातात आला की आधी एकक तपासा: बिलिरुबिनचे २ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर दुसऱ्या एककात ३४ मायक्रोमोल प्रति लिटर दिसतात.