एकाच स्पर्धेपुरती रजा असेल तर: वर्ल्डकप की चॅम्पियन्स ट्रॉफी?

वनडेच्या शंभर ओव्हर बूड न हलवता बघणारे आता आपल्यासारखे मोजकेच उरलेत, आणि आपल्यालाही नोकरी, घर, पोरांच्या परीक्षा यातून एखाद्या स्पर्धेलाच धड वेळ देता येतो. पुढे दोन येतायत, 2027 चा वर्ल्डकप साउथ आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात, आणि 2029 ची चॅम्पियन्स ट्रॉफी आपल्याकडे. मी 2023 चा वर्ल्डकप आणि 2025 ची ट्रॉफी दोन्ही मन लावून बघितल्यात, त्यावरून माझं काय ते ठरलंय. तुमचं वेगळं असू शकतं.

कागदावर ट्रॉफीच भारी दिसते हे आधी मान्य करतो. आठ टीम, पंधरा मॅच, एकोणीस दिवसांत विषय संपला. लिंबूटिंबू कोणी नाही, पहिल्या मॅचपासून सगळे दात-ओठ खाऊन खेळतात. 2017 ला पाकिस्तान आपल्याकडून 124 रननी हरलं आणि फायनलला आपल्यालाच 180 नी धुतलं, तेही सगळं दोन आठवड्यांच्या आत, सावरायला वेळच मिळाला नाही. 2025 च्या फायनलला मात्र रोहितचे 76, जडेजाचा तो शेवटचा चौकार आणि विजेत्यांचे ते पांढरे ब्लेझर, रविवार असा सार्थकी लागला की विचारू नका.

त्यामानाने वर्ल्डकप रटाळ आहेच. 2023 ला 48 मॅच, दीड महिना. मधे काही दिवस तर असे गेले की कोण कोणाशी खेळतंय हे बघायला मोबाईल काढावा लागायचा. वानखेडेवर श्रीलंकेला 55 मधे गुंडाळलं तेव्हा नाचलो वगैरे ठीक, पण मॅच म्हणून त्यात काय होतं? नेदरलँड्सविरुद्धची शेवटची लीग मॅच तर आपली सेमी पक्की झाल्यावरची, निव्वळ दिवाळीतली करमणूक.

एवढं असूनही माझं पारडं फिरलं ते पावसामुळे. म्हणजे पाऊस दोन्हीकडे पडतो, पण ट्रॉफीत तो जरा जास्तच लागतो.

25 फेब्रुवारी 2025, मंगळवार, रावळपिंडीत ऑस्ट्रेलिया-साउथ आफ्रिका. दोघांनीही पहिली मॅच जिंकलेली, ऑस्ट्रेलियाने तर इंग्लंडचे साडेतीनशे पार केलेले, त्यामुळे ग्रुपमधली हीच खरी मॅच. आपली नसूनसुद्धा मी हाफ डे टाकला. अडीचला टीव्ही लावला तर कव्हर. तीनला कव्हर. मग जुन्या हायलाइट्स, मग स्टुडिओत तज्ज्ञ मंडळी, मग परत कव्हर, आणि शेवटी टॉससुद्धा न होता दोघांना एकेक पॉइंट देऊन घरी. दोन दिवसांनी त्याच मैदानावर पाकिस्तान-बांगलादेशचंही तेच झालं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी लाहोरला अफगाणिस्तान-ऑस्ट्रेलिया अर्ध्यात गेली. याच अफगाणिस्तानने इब्राहिम झद्रानच्या 177 वर इंग्लंडला 8 रननी घरी पाठवलेलं, आणि नंतर त्यांना रनरेटच्या गणितावर बॅग भरावी लागली. ग्रुपच्या बारा मॅचमधल्या तीन पाण्यात. आता ग्रुपमधे प्रत्येकी मॅचच तीन, त्यातली एक गेली की उरलं काय? 2017 ला ऑस्ट्रेलियाच्या दोन अशाच वाहून गेल्या, एकही मॅच न जिंकता स्पर्धेबाहेर. आणि 2002 ची कोलंबोची फायनल दोन वेळा सुरू करूनही पुरी झाली नाही, शेवटी आपण आणि श्रीलंका जोडीने विजेते. असं विजेतेपद मला तरी गोड लागत नाही.

वर्ल्डकपमधे एवढ्या मॅच असतात की एखादा दिवस पावसाने खाल्ला तरी झेपतं. 2019 ला चार मॅच वाया गेल्या, त्यात आपली नॉटिंगहॅमची न्यूझीलंडविरुद्धचीही होती, तरी आपण आरामात टेबल टॉपर. आणि नुसता पाऊसच नाही, टीमला चुकायलाही जागा मिळते. 2023 ला ऑस्ट्रेलिया पहिल्या दोन मॅच हरून बसलेलं, ट्रॉफी असती तर तिथेच खेळ खल्लास, मग मॅक्सवेलचे अफगाणिस्तानविरुद्ध वानखेडेवरचे ते 201 आपण कुठून बघितले असते. 91 ला 7 असताना एका पायावर उभा राहून मारत होता आणि समोर कमिन्स 68 बॉलमधे 12. अशा इनिंगसाठी चार रटाळ मॅच सोसायची माझी तयारी आहे (19 नोव्हेंबरला त्याच ऑस्ट्रेलियाकडून हरलेल्या फायनलबद्दल नंतर कधीतरी).

आता वर्ल्डकपमधेही पावसाचे घोळ झालेत, नाही म्हणत नाही. 2003 ला डर्बनला डकवर्थ-लुईसचा (पावसाने अडलेल्या मॅचमधे टार्गेट ठरवायच्या नियमाचा) आकडा चुकीचा धरून साउथ आफ्रिका घरच्याच वर्ल्डकपमधून बाहेर गेली, आणि 2027 परत तिकडेच आहे. पण 2029 ची ट्रॉफी ऑक्टोबरमधे भारतात, आणि आपल्याकडचा परतीचा पाऊस काय करतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

ज्यांना आपल्याच मॅच बघायच्यात, बाकी स्कोअर चालेल, त्यांनी खुशाल ट्रॉफी धरावी, कमी दिवसांत जास्त मजा आहे. बाकीच्यांना मी 2027 सुचवेन. 14 टीम, दोन ग्रुप, मग सुपर सिक्स (ग्रुपमधून वर आलेल्या सहा टीमची पुढची फेरी), त्यामुळे सुरुवातीच्या ग्रुप मॅच ऑफिसात स्कोअर बघत काढल्या तरी चालतील. साउथ आफ्रिका आपल्या साडेतीन तास मागे आहे, म्हणजे बऱ्याच मॅचचा शेवट घरी येऊनही सापडेल. रजा सुपर सिक्सपासून पुढे लावा, आणि दिवाळीही ऑक्टोबरअखेरीस येतेय तेव्हा घरी काय सांगायचं तेही आपोआप जमेल.