विदर्भात स्लिपर ऑर्किड लावायचंय? थंडीवालं, गरमवालं की सरळ आपलं आंब्यावरचं

सध्या फोनवर रील पाहून बरेच जण विचारून राहिले की ते जोड्याच्या आकाराचं फूल येणारं ऑर्किड आपल्या इकडे घरी लागते का, आणि लागत असेल तर कोणतं घ्यावं. एका शब्दात सांगता येत नाही, कारण स्लिपर ऑर्किड म्हणून दोन एकदम वेगळ्या स्वभावाची झाडं विकतात, एक सिप्रिपेडियम आणि दुसरं पॅफिओपेडिलम, दोन्हींच्या फुलाला खाली पिशवी असते म्हणून फोटो पाहून माणूस फसतो. तिसरं मी माझ्याकडून जोडतो, आपल्या आंब्या-मोहावर दिसणारं वांडा. ते स्लिपर नाही, पण आपल्या उन्हाळ्यात जगते, म्हणून तुलनेत पाहिजेच.

आधी सिप्रिपेडियम. हे 'हार्डी' म्हणून विकतात आणि आपल्याले वाटते मजबूत आहे, टिकेल. ते मजबूत आहे बर्फात. युरोप, उत्तर अमेरिका, चीन, जपान आणि आपल्या देशात हिमालय, असं त्याचं घर. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जाते, जमिनीखाली आडवं खोड आणि त्यावर पुढच्या सालचे कोंब झोपून राहतात, अन् त्या झोपेत साधारण तीन महिने 5 अंशांच्या खालची थंडी भेटली तरच कोंब नीट वर येतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडे एखाद्या रात्री पारा 8 च्या खाली जातो, पेपरात बातमी येते, चौकात शेकोट्या पेटतात, आणि दुपारी पुन्हा स्वेटर काढून ठेवायची पाळी. एवढ्यानं त्याचं भागत नाही. चिखलदऱ्यावाले म्हणतील आमच्याकडे तर कॉफी होते, पण सलग तीन महिने 5 अंश तिथंही नाही.

मग फ्रिजचा उपाय सांगतात, अन् तो काही खोटा नाही. खोड धुवून ओल्या मॉसमध्ये, म्हणजे पाणी धरणाऱ्या शेवाळात, गुंडाळायचं, पन्नीत घालून भाजीच्या कप्प्यात तीन महिने ठेवायचं, जवळ केळी-सफरचंद ठेवायची नाहीत कारण पिकणारी फळं जो वायू सोडतात त्यानं कोंब खराब होऊ शकतो. फेब्रुवारीत बाहेर काढलं की फूलही येईल. खरी पंचाईत फुलानंतर आहे. या झाडाले फूल झाल्यावर पुढचे चार-पाच महिने हिरवी पानं पाहिजेत, त्या पानांतूनच पुढच्या सालचा कोंब भरतो. आणि आपल्याकडे फूल गळते तेव्हा एप्रिल लागलेला असतो, रात्रीही पारा खाली उतरत नाही, मे अखेरचा नवतपा यायच्या आधीच पानं कडेनं करपतात. पुढच्या साली कोंब बारीक, त्याच्या पुढच्या साली नुसतं पान, मग काहीच नाही.

उलटंही करता येईल म्हणा, म्हणजे उन्हाळा-पावसाळा फ्रिजमध्ये झोपवायचं आणि नोव्हेंबर ते मार्च बाहेर वाढवायचं. कागदावर जमते. पण मे महिन्यात गावात लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, अन् महागडं झाड त्याच्या भरवशावर मी तरी ठेवणार नाही. केंटुकीएन्से नावाची एक जात अमेरिकेच्या दक्षिणेकडची, उन्हाले बाकीच्यांपेक्षा जास्त सहन करणारी, पण ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा 45-46 तिनंही पाहिलेला नसतो.

एक सांगून टाकतो, ऑनलाइन 'ऑर्किडचं बी' म्हणून रंगीत पाकिटं विकतात ती घेऊ नका. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असते, त्यात स्वतःचं अन्न नसते, निसर्गात एका बुरशीच्या मदतीनं रुजते नाहीतर लॅबमध्ये बाटलीत. कुंडीत टाकून काहीच उगवणार नाही.

आता पॅफिओपेडिलम, थोडक्यात पॅफ, आणि इथं जरा थांबावं लागेल, कारण स्लिपरच पाहिजे असं ज्याच्या डोक्यात बसलं आहे त्याच्यासाठी हाच रस्ता आहे. हे उष्ण भागातलं, वर्षभर हिरवं, झोपेची भानगड नाही. भारतात बहुतेक जाती ईशान्येकडच्या, दक्षिणेत एकच, ड्रुरी, अगस्त्यमलाईच्या डोंगरातली, आणि तिची जंगलात लोकांनी इतकी लूट केली की नावापुरती राहिली. ही सगळी झाडं 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, त्यामुळे घेताना रोपवाटिकेत तयार झालेलंच घ्यायचं, बिल घ्यायचं, 'जंगलातून आणलं आहे, जोरदार आहे' म्हणणाऱ्याले रामराम करायचा.

यातही दोन प्रकार. एकाची पानं चितकबरी, गडद-फिक्या हिरव्या चौकटी असलेली, याले उबदार रात्री चालतात. दुसऱ्याची पानं साधी हिरवी, जसं मेघालयातलं इन्सिग्ने, याले फुलासाठी थंड रात्री लागतात. आता गंमत पहा, 10-13 अंशांच्या रात्री आपला हिवाळा फुकट देतो, म्हणजे हिरव्या पानाचंही इकडे फुलू शकते, पण मग मे त्याले जास्त बाधतो. पहिल्यांदा घेत असाल तर चितकबरंच घ्या. फूल नसतानाही ते कुंडीत चांगलं दिसते, आणि फूल आलं की दीड-दोन महिने टिकते. कळी दोन पानांच्या घडीतून वर येते, दांड्यावर बारीक लव असते, पिशवीच्या आत डोकावलं तर किडा आत पडल्यावर मागच्या अरुंद वाटेनंच बाहेर निघेल अशी रचना दिसते, निघता निघता पराग पाठीवर घेऊन जातो. एका फुटव्याले आयुष्यात एकदाच फूल येते, मग बाजूनं नवा फुटवा, म्हणून फूल गेल्यावर 'झाड वांझ झालं' म्हणून फेकू नका राजेहो.

उन्हाळ्याचं काय करायचं? आपल्या घरात एप्रिल ते जून कुलर चालतो, आणि कुलरच्या खोलीत जी दमट, 30 च्या आसपासची हवा असते ती पॅफला बरीच मानवते. थेट झोतात ठेवायचं नाही, पान वाळते. उत्तरेच्या खिडकीजवळ, कोपऱ्यात. लाईट गेली तर म्हणून मोठ्या मातीच्या कुंडीत ओली रेती भरून तिच्यात लहान कुंडी बसवायची, माठातलं पाणी जसं गार राहते तशी मुळं गार राहतात. छपरीत ठेवायचं असेल तर ग्रीन नेट दुहेरी, आणि पत्र्याखाली तर नकोच.

पाण्यावरून जास्त झाडं मरतात, उन्हावरून नाही, असं माझं मत. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, आणि अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर विचारूच नका. मीठ मुळांच्या टोकांले जाळते, पानाचं टोक तपकिरी होते, आपण समजतो पाणी कमी पडलं अन् आणखी ओततो. पावसाचं पाणी ड्रममध्ये झाकून ठेवा, संपलं तर आरओचं घ्या, पण त्याच मशीनच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जाते ते नाही. कुलरच्या टाकीतलंही नाही, ते आटून आटून आणखी खारट झालेलं असते. सकाळी द्यायचं, पानांच्या मधात साचू द्यायचं नाही, सडते.

आणि माती नको. आपली काळी माती कापसाले चांगली, याच्या मुळांले फाशी. लाकडी कोळशाचे तुकडे, विटांचे बारीक खडे आणि झाडाच्या सालीचे तुकडे, नारळाची साल वापरली तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून, कारण तिच्यातही मीठ असते. खत म्हणजे शेतात ड्रिपले जे 19:19:19 आणलेलं असते तेच, लिटरले पाव ते अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. शेणखत नाही, युरिया तर अजिबात नाही.

आता वांडा. टेसेलाटा नावाचं, रास्ना म्हणून ओळखतात, आंबा-मोह-बाभळीच्या फांदीवर चिकटलेलं दिसते आणि गावात लोक बांडगूळ समजून तोडून टाकतात. बांडगूळ झाडाचा रस पिते, हे नुसतं बसते, त्याचं पाणी-हवा त्याचं स्वतःचं. जाड पांढरी मुळं, ओली झाली की हिरवी होतात, कडक उन्हात महिना कोरडं गेलं तरी तग धरतात. पिवळट फुलावर तपकिरी जाळी, ओठ जांभळा, अन् वास मस्त. लाकडाच्या ओंडक्याले सुतळीनं बांधलं की काम झालं. जंगलातून मात्र काढायचं नाही, औषधासाठी आधीच भरपूर ओरबाडलं गेलं आहे. रोपवाटिकेतून घ्या, नाहीतर स्वतःच्या धुऱ्यावर वादळात पडलेल्या फांदीवर सापडलं तर उचला.

मग कोणी काय घ्यावं? उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस घर बंद ठेवून नातेवाईकांकडे जाणारे असाल तर वांडा, दुसरा विचारच करू नका. घरात कोणी ना कोणी असते, कुलर चालतो, पावसाचं पाणी साठवायची तयारी आहे, तर चितकबऱ्या पानाचं पॅफ, एकच, आधी एक उन्हाळा काढून पाहा. सिप्रिपेडियम त्यालेच सांगेन ज्याले दोन-तीन साल फूल पाहून पैसे गेले तरी वाईट वाटणार नाही. रीलमधलं ते गुलाबी-पांढरं फूल सुंदर आहे, नाही कोण म्हणते, पण आपल्याकडे ते पाहुणं आहे.

मागवायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये किंवा दिवाळीनंतर मागवा, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं धरायले वेळ भेटतो. होळीनंतर बिलकुल नाही. आणि विकणाऱ्याले सोमवारी पाठवायले सांगा, शुक्रवारी निघालेला डबा तालुक्याच्या कुरिअरवाल्याकडे रविवारभर पत्र्याखाली पडून राहतो.