पंधरा दिवसांसाठी आणलेला जुना एसएमपीएस आठ महिने राहिला

नवा पीसी जोडताना बजेट संपलं ते नेमकं एसएमपीएसपाशी, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी, येऊन. म्हटलं, जुन्या पीसीतला ४५० वॅटचा आहेच, पंधरा दिवस ढकलू. नऊ वर्षं चाललेला होता बिचारा. तो मागच्या आठवड्यात निघाला, म्हणजे तब्बल आठ महिन्यांनी.

बसवण्याआधी ब्लोअरने धूळ उडवली. (उघडला नाही. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात, तिथे हात घालायची माझी छाती नाही.) मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून निघणाऱ्या चार पिनांच्या जोडणीच्या) पिवळ्या-काळ्या वायरींवर मल्टिमीटर लावला, तर रिकामा असताना १२.१ आणि प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकल्यावर ११.८ व्होल्ट. एटीएक्समध्ये (पीसीच्या एसएमपीएससाठीचं मानक) बारा व्होल्टला वर-खाली पाच टक्के सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६. पास.

पहिली अडचण विजेची नाहीच, वायरीची निघाली. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर असायचा, नव्यात तो तळाशी. प्रोसेसरची ४+४ पिनची केबल बोर्डच्या मागून न्यायला वीतभर कमी पडली. शेवटी ती बोर्डवरूनच तिरकी ओढली, दोरीवर वाळत घातल्यासारखी. हौसेने काचेचं कॅबिनेट घेतलं होतं, त्यातून हे दृश्य.

पहिले तीन महिने ग्राफिक्स कार्ड नव्हतं, रायझेन ५ ७६०० या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवरच काम चालवलं. भिंतीच्या सॉकेटला लावलेला मीटर पूर्ण लोडवरही १४० वॅटच्या वर गेला नाही. एवढ्या कामाला जुना एसएमपीएस उत्तम, त्याबद्दल काही तक्रार नाही.

मग २०० वॅटचं सेकंडहँड कार्ड आलं आणि गेम खेळता खेळता मशीन खटकन रीस्टार्ट व्हायला लागलं. निळी स्क्रीन नाही, एररचा मेसेज नाही. मी रॅमवर संशय घेतला, एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद केलं, दोन संध्याकाळी मेमटेस्टने रॅम तपासण्यात घालवल्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त कर्नल-पॉवर ४१ ही नोंद. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद झालं नव्हतं. का, ते तो सांगत नाही.

मीटर तर ३४० वॅटच्या आसपासच दाखवत होता. पण मीटर दाखवतो ती सरासरी. आजची कार्डं डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरलेल्या वॅटच्या दुप्पट ओढून परत खाली येतात आणि जुन्या एसएमपीएसचं संरक्षण तेवढ्यातच फ्यूजसारखं उडून वीज तोडतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये असे क्षणिक झटके सोसायची अटच घातली आहे. माझा त्याच्या कितीतरी आधीचा. आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग्ज बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणलं, कार्ड १५० वॅटवर आलं आणि रीस्टार्ट थांबले. गेममध्ये सेकंदाला सात-आठ फ्रेम कमी झाल्या, खेळताना जाणवल्याही नाहीत.

एक दुखणं मात्र शेवटपर्यंत गेलं नाही. वीज गेली की यूपीएस बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसने आतल्या साठ्यावर मशीन तगवायचं असतं. आधीच्या पीसीला, याच यूपीएसवर, ते नीट जमायचं. आता लोड जास्त आणि कपॅसिटर म्हातारे, त्यामुळे गेम चालू असताना वीज गेली की यूपीएस असूनही मशीन बंद. अर्धवट सेव्ह झालेली एक फाईल त्यातच गेली आणि त्याच रात्री मी नवा एसएमपीएस ऑर्डर केला.

नवा ६५० वॅटचा, मॉड्युलर, म्हणजे केबली काढता-घालता येणारा. जुनाही अर्धा मॉड्युलर होता, त्यामुळे त्याची हार्ड डिस्कला वीज देणारी साटा केबल आधीच मागून छान बांधलेली होती. म्हटलं, हीच राहू दे, फक्त टोक नव्या एसएमपीएसमध्ये खोचू. टोक बसलंसुद्धा! सुदैवाने स्विच चालू करण्याआधी आठवलं की एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी ज्याची त्याची वेगळी असते, पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्ड डिस्क जळालीच. झिप टाय कापले, जुनी केबल काढली आणि जुन्याच्या सगळ्या केबली त्याच्याच अंगाला रबरबँडने बांधून त्याला खोक्यात ठेवला.