'टर्बो की सुपरचार्जर?' असं विचारून झालेली फसवणूक

लहान पेट्रोल गाडीचं पिकअप वाढवून देतो म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याने तुम्हाला पहिलाच प्रश्न 'टर्बो लावायचा की सुपरचार्जर?' असा केला, तर तिथून गाडी बाहेर काढा. (दोन्ही म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारी यंत्रं.) माझी फसवणूक याच प्रश्नापासून सुरू झाली. दोनांतलं एक निवडायला सांगितलं की माणूस त्या दोघांची तुलना करत बसतो. आपल्या इंजिनाला यातलं काही झेपतं का, आणि समोरचा जे विकतोय ते खरोखर या दोनांपैकी एक तरी आहे का, हे विचारायचं राहून जातं. समोरच्याला नेमकं तेच हवं असतं.

माझी गाडी १.२ लिटरची साधी पेट्रोल हॅचबॅक, ताकद सुमारे ८३ पीएस (अश्वशक्ती). एरवी तक्रारीला जागा नाही. पण आमचं सासर-माहेर सगळं सातारा-पाचगणी भागात. गाडीत पाच माणसं, मागे सामान आणि एसी चालू असला की पसरणी घाटात दुसऱ्या गिअरमधून वर यायची सोय राहत नाही. मागून आलेला टेम्पो हॉर्न देऊन पुढे जातो. ओळखीतल्या एका मुलाने पुण्याच्या उपनगरातल्या एका गॅरेजचा नंबर दिला. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून गॅरेजचं नाव लिहीत नाही.

गॅरेज चकचकीत होतं. भिंतीवर टर्बोंची चित्रं, काचेच्या कपाटात त्यांची ॲल्युमिनियमची चमकणारी कवचं, आणि बोलायला गोड माणूस. "दादा, दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "टर्बो लावला तर एक लाख ऐंशी हजार, इंजिन उतरवावं लागेल. सुपरचार्जर लावला तर अठ्ठेचाळीस हजार, आणि संध्याकाळी गाडी घरी. आमचा सुपरचार्जर इलेक्ट्रिक आहे. बेल्ट नको, ऑइल लाइन नको." मग त्याने कागदावर दोन रकाने पाडून दोन्हींचे फायदे-तोटे लिहून दाखवले. त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणूनच पुढचं खोटं खपलं आणि मी अठ्ठेचाळीस हजारांचा सुपरचार्जर बसवून घेतला.

खरं काय होतं ते आधी सांगतो. इंजिनाची ताकद वाढवायची तर सिलेंडरमध्ये जास्त हवा कोंबावी लागते, त्या हिशेबाने पेट्रोलही जास्त द्यावं लागतं. टर्बो ही हवा सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर कोंबतो. धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. सुपरचार्जर तेच काम इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून (क्रँकवरून) बेल्टने करतो, त्यामुळे पाय दाबल्या दाबल्या ओढ मिळते, पण ती ताकद इंजिनातूनच खर्च होते. लहान गाड्यांत दोन्ही झालेले आहेत. मिनी कूपर एस २००६ पर्यंत सुपरचार्जरवर धावायची, पुढच्या पिढीत तिला टर्बो आला. निसानने २०११ मध्ये युरोपातल्या मायक्राला १.२ लिटरच्या तीन सिलेंडर इंजिनावर सुपरचार्जर दिला होता. आपल्याकडे लहान गाड्यांत टर्बोच रुजला: पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस, टियागो जेटीपी, नियॉस टर्बो, आता फ्रॉन्क्स.

त्याच्या कागदावर नव्हतं ते असं, की या सगळ्या गाड्यांत टर्बो वरून चिकटवलेला नाही. इंजिनच त्या दाबासाठी बांधलेलं असतं. टियागो जेटीपीचं उदाहरण घ्या. २०१८ मध्ये आलेल्या त्या गाडीत साध्या टियागोच्या ८५ पीएसच्या जागी ११४ पीएसचं टर्बो इंजिन होतं, आणि त्याच्या जोडीला गिअरचं प्रमाण नि सस्पेन्शनही बदललेलं होतं. साध्या पेट्रोल इंजिनात कॉम्प्रेशन (पिस्टन आतली हवा किती पट दाबतो ते प्रमाण) आधीच जास्त असतं, हल्ली ११ च्या आसपास किंवा वर. त्यात बाहेरून दाबलेली गरम हवा भरली की पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच, भलत्या जागी आपोआप पेट घेतं. मिस्त्री म्हणतात, 'इंजिन ठोकायला लागलं.' ते ठोकणं चालू राहिलं तर पिस्टन फुटतो.

आता इलेक्ट्रिक सुपरचार्जर. नाव ऐकून हसू नका, ही वस्तू जगात आहे. ऑडीने २०१६ मध्ये एसक्यू७ या मोठ्या डिझेल गाडीत विजेवर चालणारा कॉम्प्रेसर दिला. पण तो ७ किलोवॅटपर्यंत ताकद घेतो आणि त्यासाठी गाडीत स्वतंत्र ४८ व्होल्टची यंत्रणा बसवलेली आहे. माझ्या गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर हे का चालणार नाही, ते दहावीच्या गणिताने कळतं. १.२ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा ओढतं. ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्या) हे मिनिटाला ३६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर झाले. इतकी हवा फक्त ०.३ बारने (१ बार म्हणजे साधारण समुद्रकाठच्या हवेचा दाब) दाबायची म्हटली तरी अडीच-तीन किलोवॅट लागतात. १२ व्होल्टवर म्हणजे दोनशे अँपिअरच्या वर. लहान गाडीचा अल्टरनेटर सगळा मिळून एक किलोवॅटच्या आसपास देतो. स्टार्टरला बॅटरीपासून जाणारी केबल किती जाड असते ती बघा, आणि मग 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर' म्हणून विकल्या जाणाऱ्या असल्या पंख्याला जोडलेली वायर बघा. माझ्या गाडीतली वायर हेडलाइटच्या वायरपेक्षा बारीक होती.

मग गॅरेजमधून गाडी परत घेताना मला फरक जाणवला कसा? जाणवला, आणि चांगलाच जाणवला. त्यासाठी त्याने तीन गोष्टी केल्या होत्या.

पहिली म्हणजे आवाज. मूळ एअर फिल्टरचा डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर लावला. त्यामुळे पाय दाबला की बॉनेटखालून घोंगावणारा आवाज येतो आणि गाडी जोरात असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो फिल्टर इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो, म्हणजे उलट तोटाच.

दुसरी गोष्ट जास्त हुशारीची. ॲक्सिलरेटरच्या पेडलला त्याने एक छोटा डबा जोडला होता, ज्याबद्दल मला एक अक्षर सांगितलं नाही. हल्ली पेडलपासून इंजिनापर्यंत केबल नसते, विजेचा सिग्नल जातो. हा डबा तो सिग्नल फुगवून पुढे पाठवतो. तुम्ही पाव पाय दाबता, इंजिनाला वाटतं अर्धा दाबला. गाडी उडी मारल्यासारखी निघते. पण पूर्ण पाय दाबला की ताकद जेवढ्यास तेवढीच. हा डबा बाजारात उघडपणे मिळतो, 'रिस्पॉन्स' म्हणून विकला तर त्यात काही गैर नाही. सुपरचार्जरच्या नावाखाली त्याचा परिणाम दाखवणं ही सरळ लबाडी आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे डॅशबोर्डवरचं बूस्ट मीटर, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब दाखवणारं मीटर. पाय दाबला की काटा ०.३ वर जायचा. खऱ्या बूस्ट मीटरला इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डपासून (सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांपासून) दाब कळावा लागतो, एक तर बारीक रबरी नळीने किंवा तिथे बसवलेल्या सेन्सरने. माझ्या मीटरला नळी नव्हती, मॅनिफोल्डवर सेन्सर नव्हता. त्याच्या वायरी पेडलच्या त्याच डब्याला गेलेल्या होत्या. काटा दाब दाखवत नव्हता, माझा पाय दाखवत होता.

पुढच्या वेळी सगळे घेऊन पाचगणीला निघालो आणि घाट पूर्वीसारखाच लागला. तोच दुसरा गिअर. फोन केला तर म्हणाला, "ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) शिकतोय दादा, हजार किलोमीटर होऊ द्या." तेवढी गाडी चालवून पुन्हा विचारलं तर, "पेट्रोल कुठलं भरता?" प्रत्येक उत्तराला पंधरा दिवस जातात, आणि त्याला तेच हवं असतं.

साताऱ्यात आमचे जुने मिस्त्री आहेत, त्यांनी बॉनेट उघडलं, पण लगेच कशाला हात लावला नाही, आधी ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा) छोटा स्कॅनर जोडला. ही परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता, म्हणून नीट सांगतो. इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर बहुतेक गाड्यांत असतो, आणि स्कॅनरवर तो किलोपास्कलमध्ये दिसतो. साध्या इंजिनात पूर्ण पाय दाबला तरी हा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच जातो. समुद्रकाठी तो १०० च्या आसपास, पुणे-साताऱ्याच्या उंचीवर ९३-९४. खरोखर ०.३ बार दाब मिळत असेल तर आकडा १२० च्या पुढे जायला हवा. माझा ९३ वर थांबला. मग त्यांनी पंख्याची वायर काढून टाकली आणि पुन्हा गाडी पळवली. आकडा ९३ च होता. नंतर पंख्याचा डबा उघडला. ॲल्युमिनियमसारखा दिसणारा चांदी रंगाचा प्लास्टिकचा डबा, आत प्लास्टिकचं पातं. मिस्त्रींना सगळ्यात राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा: बॅटरीवरून थेट ओढलेल्या वायरला मध्ये फ्यूज नव्हता. ती कुठे घासून सोलली असती तर गाडी पेटली असती. माझी मुलं त्या गाडीत बसतात.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा त्याने आवाज चढवला नाही. "तुमच्या गाडीला सुपरचार्जर सूट झाला नाही, दादा. असं होतं कधीकधी. टर्बो लावून देतो, अठ्ठेचाळीस वजा करून वरचे भरा." म्हणजे तोच प्रश्न, दुसरा रकाना. तक्रार करायला आलेल्या माणसाला आणखी एक लाख बत्तीस हजारांत उतरवायचं.

त्या रकान्यात काय असतं ते तिथेच बाहेर उभं होतं. सांगलीकडचा एक तरुण गाडी टो करून आला होता. त्यालाही आधी पंखा विकला, मग टर्बो. तो टर्बो भंगारातल्या डिझेल गाडीचा होता, साफ करून, रंग मारून, वरची कंपनीची पट्टी काढून बसवलेला. डिझेलचा धूर पेट्रोलच्या धुरापेक्षा थंड असतो. डिझेलचे टर्बो साधारण ८०० ते ८५० अंशांच्या हिशेबाने केलेले असतात, पेट्रोलमध्ये ९५० आणि त्याहून वर जातं. त्यात इंजिनाचं कॉम्प्रेशन तेच ठेवलेलं, पेट्रोलचा हिशेब बदललेला नाही. आधी ठोकण्याचा आवाज, मग निळा धूर, मग पिस्टन गेला. आईच्या नावावर कर्ज काढून घेतलेली गाडी होती. त्या मुलाचा चेहरा बघितला आणि हे सगळं लिहायचं ठरवलं.

आणखी एक गोष्ट गॅरेजवाल्याने आम्हा दोघांनाही सारखीच सांगितली होती: "आरटीओ बॉनेट उघडून बघत नाही." बघो न बघो, जबाबदारी मालकावर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी समोर आला की भांडण तिथेही. माझ्या सर्व्हिस सेंटरने कापलेल्या वायरी बघून इंजिनाच्या वायरिंगची वॉरंटी नाकारली, ती वेगळीच.

बिलाचं त्याने आधीच बघून ठेवलं होतं. "कच्चं घ्या, जीएसटी वाचेल." पैसे गॅरेजच्या खात्यावर नाही, भलत्याच कुणाच्या यूपीआयवर घेतले. कच्च्या चिठ्ठीवर फक्त 'फिटिंग' लिहिलेलं. तरीही सगळं हातचं गेलेलं नाही. यूपीआयची नोंद, त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर, २० ते २५ टक्के जास्त पॉवर' हा संदेश, स्कॅनरच्या आकड्यांचे व्हिडिओ आणि मिस्त्रींचं लेखी म्हणणं, एवढं वकिलांनी पुरेसं मानलं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिला गॅरेजवाल्याने उत्तर दिलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यामुळे आपण जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. सांगलीच्या त्या मुलानेही त्याच्या जिल्ह्यात तक्रार केली आहे.

कुणाच्या गाडीत असा पंखा बसवलेला असेल तर तो काढा, पण फेकू नका. पंखा, मीटर, पेडलचा डबा आणि वायरी पिशवीत बांधून ठेवा, काढण्याआधी जागेवरचे फोटो घ्या, आणि गॅरेजवाल्याने 'बदलून देतो, जुना आणून द्या' म्हटलं तरी देऊ नका. मला त्याने तसं म्हणून बघितलं होतं. तो पंखा आता आयोगापुढे पुरावा म्हणून जमा आहे.