लहरी लाकडाची गिटार, 14 महिन्यांनंतर

घरी येणारं प्रत्येक माणूस ही गिटार हातात घेतल्यावर आधी उलटी करतं. तारा राहिल्या बाजूला. पाठ खिडकीकडे तिरकी धरायची, जरा हलवायची आणि विचारायचं, "हे रंगवलंय का गं?" रंगवलेलं नाही. ते कोआचं लाकूड आहे. त्याच्या अंगात आडव्या सोनेरी लाटा आहेत आणि गिटार हलवली की त्या जागा बदलतात. आत्ता उजळ होता तो पट्टा काळवंडतो, शेजारचा उजळतो. धूपछाव रेशमाचं होतं ना, अगदी तसं.

या लाटांचे मी 900 डॉलर जास्तीचे मोजले. सगळी मिळून गिटार 5,600 डॉलरला पडली. आईने फोनवर आकडा ऐकला आणि म्हणाली, "एवढ्यात शिसवी कपाट झालं असतं, ते नातीलासुद्धा पुरलं असतं." गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गिटार हातात आली, आता जून उलटतोय. रोज तासभर तरी वाजते, गणपतीत आणि दिवाळीत इथल्या (अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या) मंडळात भावगीतांच्या साथीलाही गेली आहे. त्यामुळे त्या 900 डॉलरचं काय झालं हे आता सांगता येईल.

कोआ फक्त हवाई बेटांवर उगवतो. गोत मात्र आपल्या ओळखीचं: कोकणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ त्याच अकेशिया वंशातली. दोघांचीही 'पानं' कोयत्यासारखी वाकडी, आणि खरं तर ती पानं नसून चपटे झालेले देठ. हवाईचे लोक या लाकडाच्या होड्या कोरत. 1879 मध्ये 'रेवन्सक्रॅग' जहाजातून मदेराचे पोर्तुगीज मजूर होनोलुलूला उतरले, त्यांच्यातल्या तीन सुतारांनी आपल्या छोट्या गिटारी तिथे मिळणाऱ्या कोआत बनवायला घेतल्या आणि त्यातून युकुलेली झाली. पुढे हवाईयन गिटारीचं वेड अमेरिकाभर पसरलं. आपल्याकडच्या जुन्या हिंदी गाण्यांत घसरत जाणारी जी गिटार ऐकू येते, ती त्याच लाटेची. कोआ निवडताना हे सगळं माझ्या डोक्यात होतं असं म्हणायला आवडेल, पण नव्हतं. मला त्या लाटा आवडल्या, बस.

कारागीर पोर्टलंडपासून दीड तासावर एकटा काम करतो. वर्षाला आठ-दहा गिटारी. त्याने मला पाच शनिवार कार्यशाळेत बसू दिलं, आणि या सगळ्या व्यवहारात मला सर्वांत जास्त मोलाचं तेच वाटतं. पहिल्या दिवशी त्याने कोआच्या फळ्यांच्या चार जोड्या टेबलावर मांडल्या. कोऱ्या लाकडात काहीच कळत नव्हतं, मळकट तपकिरी फळ्या. मग त्याने फडकं स्पिरिटमध्ये भिजवून एकेकीवरून फिरवलं आणि लाटा वर आल्या. तीन-चार सेकंद, स्पिरिट उडेपर्यंत. मी सर्वांत दाट लाटांची जोडी उचलली तेव्हा तो म्हणाला, "ही मला त्रास देणार."

त्रास का, ते नंतर डोळ्यांनी पाहिलं. साध्या लाकडाचे तंतू सरळ धावतात. लहरी लाकडात ते वर-खाली नागमोडी जातात, म्हणजे फळीच्या पृष्ठभागावर एका पट्ट्यात तंतूंची कूस दिसते आणि पुढच्या पट्ट्यात त्यांची कापलेली टोकं. कुशीवरून प्रकाश परततो, टोकांत तो मुरतो. एवढीच त्या झळाळीची गोष्ट. पण रंधा मारायला गेलं की दर अर्ध्या इंचाला रेषा उलटते. आपला सुतार 'उलट्या रेषेत रंधा मारू नको' म्हणतो, इथे सरळ रेषा असतेच कुठे? टवके उडतात. म्हणून रंधा नाहीच, पॉलिश पेपरच्या ड्रमवरून दहा-दहा वेळा फळी काढत पाठ जेमतेम अडीच मिलिमीटरवर आणायची.

खरी परीक्षा बाजूंच्या पट्ट्यांची. जाडी दोन मिलिमीटर, लांबी हातभर, आणि ती ओली करून तापलेल्या लोखंडी नळीवर दाबत गिटारीच्या कमरेचा बाक द्यायचा. पहिली पट्टी व्यवस्थित वळली. दुसरी कमरेशी आली आणि काडकन वाजलं. चीर लाटेच्याच रेषेत, आरपार. तो काही बोलला नाही, चहा टाकला. त्याच फळीतली एक जादा पट्टी त्याने बाजूला ठेवली होती, कारण असं होणार हे त्याने धरलेलंच होतं. ते 900 डॉलर नुसते लाकडाचे नाहीत, त्यात हे मोडणंही आलं.

त्या जादा पट्टीत लाटा कमी आहेत. गिटार मांडीवर घेतली की वरची बाजू गुळगुळीत तपकिरी आणि खालची लखलखीत. आजवर एकाच्याही हे लक्षात आलेलं नाही. मला रोज दिसतं.

आता आवाज. समोरचा तक्ता सिटका स्प्रूसचा आहे, याच ऑरेगनच्या किनाऱ्याचं झाड. आकार मध्यम, मांडीवर नीट बसणारा, वजन पावणेदोन किलोच्या आसपास. माझी आधीची गिटार कारखान्यात बनलेली, पाठ आणि बाजू भारतीय शिसवीच्या. तिचा खर्ज जड, घुमणारा. नव्या गिटारीचा खर्ज आखूड आहे, पण मधले सूर मोकळे, आणि एक तार छेडल्यावर तिचा सूर बराच वेळ रेंगाळतो. गाणाऱ्याच्या आवाजाखाली ती दबत नाही, आणि त्याच्यावर चढतही नाही. साथीला हेच हवं होतं. पहिले दोन महिने वरच्या तारा टोचायच्या. आता टोचत नाहीत. लाकूड 'उघडलं' म्हणून, की माझा उजवा हात या गिटारीला सरावला म्हणून, हे सांगणं माझ्या आवाक्यातलं नाही, आणि जे छातीठोक सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

नवऱ्याने एकदा माझी परीक्षा घेतली. मी पाठ करून बसले, त्याने दोन्ही गिटारींवर एकच सूर छेडला. दहापैकी दहा वेळा मी बरोबर ओळखलं. हे मी खूप मिरवलं, मग लक्षात आलं की दोन्ही गिटारींचे तक्ते वेगळे, तक्त्याला आतून चिकटवलेल्या आधाराच्या पट्ट्या वेगळ्या, बनवणारे हात वेगळे. पाठीच्या लाकडाबद्दल यातून काहीच सिद्ध होत नाही. ते ज्यांनी नीट तपासलं त्यांचं ऐकावं. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी रॉजर बकनॉल या कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या, सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. त्यात ब्राझिलियन रोझवुडही होतं, ज्याच्या व्यापारावर 1992 पासून कडक आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, आणि सपेली नावाचं स्वस्त लाकूडही. 52 वादकांना मंद उजेडात वेल्डिंगचे चष्मे घालून त्या वाजवायला दिल्या. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले: आवाजाला मिळालेले गुण जवळजवळ सारखे. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1862 मध्ये, स्पेनच्या तोरेस या गिटार-कारागिराने पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या होत्या. बोलतो तो तक्ता, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

म्हणजे माझे 900 डॉलर कानात गेले नाहीत. डोळ्यांत गेले. हे पैसे देण्याआधीही मला माहीत होतं, फक्त स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

देखभालीचं मात्र मला कुणी पुरेसं सांगितलं नव्हतं. कारागिराने 45 टक्के आर्द्रतेच्या खोलीत गिटार जोडली. डिसेंबरात आमच्याकडे हीटर सुरू झाला, मी चार दिवस गिटार पेटीबाहेर भिंतीवर टांगून ठेवली (इतकी देखणी वस्तू पेटीत कोण ठेवतं?) आणि आर्द्रतामापकाचा काटा 31 वर आला. तक्ता किंचित बसला, तारा खाली आल्या, तिसरी तार मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर खरखरू लागली. ते कुठल्याही गिटारीचं झालं असतं. पण पाठीवर बोट फिरवलं तर बारीक वळ्या लागल्या, पत्र्याच्या छपरासारख्या, अर्थात केसाएवढ्या. लाटेचा एक पट्टा जास्त आकसला, दुसरा कमी. पेटीत ओलाव्याची पुडी घालून तीन आठवडे ठेवली तेव्हा तक्ता पूर्वपदावर आला. वळ्या मात्र पूर्ण गेल्या नाहीत. तिरक्या उजेडात पॉलिशखाली अजून दिसतात. कारागीर म्हणाला, "लहरी लाकूड आहे, कोरडं पडलं की दाखवणारच." हे आधी सांगितलं असतंस तर, असं जिभेवर आलं होतं. मग आठवलं, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याला त्रास होणार एवढंच मी ऐकलं, मला होणार हे नाही.

पॉलिशबद्दल थोडक्यात. लाखेचं आहे, बोळ्याने हाताने चढवलेलं, जुन्या फर्निचरवर असतं तसं. लाख आपल्याच देशातून जगभर जाते, त्यातली बरीचशी झारखंडातून. थर इतका पातळ की लाकूड जिवंत दिसतं. पण घाम, गरम गाडी आणि स्पिरिटवाला सॅनिटायझर हे तिन्ही त्याचे वैरी. माझा उजवा हात टेकतो तिथे ऑगस्टपर्यंत ओंजळीएवढा भाग निस्तेज झाला होता. आता उन्हाळ्यात लांब बाहीचा सदरा घालते. लाखेचं एक बरं, कारागिराने तासाभरात पुन्हा बोळा फिरवून दिला, पैसे घेतले नाहीत.

मिरजेचं राहिलंच. गेल्या जुलैत माहेरी सांगलीला गेले, गिटार केबिनमध्ये घेऊन. निघण्याआधी कागदपत्रांचं विचारून घेतलं होतं: कोआ आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या यादीत नाही, आणि भारतीय शिसवीची तयार वाद्यंही 2019 पासून त्या परवान्यांतून सुटली आहेत. सांगलीत बाहेर पाऊस आणि मापकावर 84. आठवड्यात तक्ता फुगला, तारा चढल्या, बोटं दुखायला लागली. तारा सैल करून, सिलिकाच्या पुड्यांसह पेटी बंद, आणि मी मिरजेला सतारमेकर गल्लीत. दादाच्या ओळखीचे एक चाचा तिथे तानपुरे करतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं कात्रण दुकानात लावलेलं आहे.

इतक्या माणसांत त्यांनी एकट्यांनी गिटार उलटी केली नाही. तक्त्यावर बोटाच्या पेराने चार ठिकाणी टकटक केलं, मोबाइलचा दिवा भोकातून आत टाकून पट्ट्या बघितल्या, आणि म्हणाले, "ताई, तबली (म्हणजे समोरचा तक्ता) चांगली पातळ केलीय. पावसाळ्यात तारा उतरवूनच ठेवा, आम्ही पण तेच करतो." पाठ मीच दाखवली. "हां, देखणी आहे," एवढंच.

कारागिराने उरलेल्या पट्टीचा वीतभर तुकडा मला दिला होता, तो मी त्यांच्यासाठी नेला होता. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर पानं कोरतात त्यातलं एखादं यातून निघेल, असं माझ्या मनात. चाचांनी तुकडा बाकाला लावला, छोटा रंधा घेतला. पहिला हात नीट गेला. दुसऱ्या हाताला टवका उडाला. त्यांनी तुकडा फिरवला, उलट बाजूने मारला, पुन्हा टवका. मग रंधा खाली ठेवून हसायला लागले.

"हे कोरायचं नाही, ताई. हे नुसतं बघायचं."

तुकडा अजून त्यांच्या दुकानात आहे, काचेच्या कपाटात, मेणाच्या डबीशेजारी. लहरी लाकडासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, असं विचारणाऱ्यांसाठी माझं उत्तर: सध्या भाच्यासाठी त्याच कारागिराकडे दुसरी गिटार सांगितली आहे. तक्ता तोच, सिटका स्प्रूस. पाठ साध्या सरळ रेषेच्या शिसवीची, आणि त्यातून वाचलेल्या पैशांत एक चांगली पेटी आणि दोन आर्द्रतामापक. माझी मात्र विकणार नाही. पुढच्या आठवड्यात तारा बदलायच्या आहेत, तेव्हा पाठ उन्हात धरून वळ्या किती राहिल्यात ते पुन्हा एकदा बघेन.