जुनी कॅम्पर व्हॅन घेताना: फोक्सवॅगन टी-३ की टी-४?

जर्मनीत राहून कॅम्पर व्हॅन घ्यायची ठरवली आणि नव्या गाडीची किंमत झेपण्यासारखी नसली, की शोध बहुधा दोन जुन्या गाड्यांपाशी येऊन थांबतो. पहिली फोक्सवॅगनची टी-३, जी जर्मनीत १९७९ पासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तयार होत होती, आणि दुसरी तिच्या जागी आलेली टी-४, जिचे उत्पादन १९९० ते २००३ या काळात झाले. दोन्हींच्या अंतर्भागाची रचना वेस्टफालिया या कंपनीने केलेली आढळते. छत वर उचलले जाते, मागे झोपण्याची सोय असते, बाजूला गॅसची शेगडी आणि छोटेसे बेसिन असते. जाहिरातीतल्या छायाचित्रांत या दोन गाड्या सख्ख्या बहिणी वाटतात. प्रत्यक्ष बाळगायला मात्र त्या अगदी वेगळ्या आहेत. माझे मत आरंभीच सांगतो: वर्षाकाठी मोजकी सुट्टी असलेल्या, लेकुरवाळ्या कुटुंबाने टी-४ घ्यावी. ज्याला दुरुस्तीतच आनंद आहे, ज्याच्याकडे छप्पर असलेली जागा आणि शनिवार-रविवारचा मोकळा वेळ आहे, त्यानेच टी-३ चा विचार करावा.

यामागचे पहिले कारण इंजिनाच्या जागेत आहे. टी-३ चे इंजिन मागे आणि रेडिएटर अगदी पुढे असल्यामुळे कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, गाडीच्या पोटाखालून लांबलचक नळ्यांतून ये-जा करावी लागते. पूर्ण यंत्रणेत सोळा-सतरा लिटर द्रव मावतो. १९८३ मध्ये हवेऐवजी पाण्याने थंड होणारे १.९ लिटरचे बॉक्सर, म्हणजे समोरासमोर आडव्या सिलिंडरांचे, इंजिन आले आणि १९८५ मध्ये २.१ लिटरचे. या दोन्हींत सिलिंडरभोवतीचे पाणी रबरी गॅस्केटने अडवलेले असते. चुकीचा कूलंट वापरला किंवा तो वर्षानुवर्षे बदललाच नाही, तर सिलिंडरवर बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या झाकणाचा, म्हणजे हेडचा, नेमका त्या रबराला टेकणारा काठ कुरतडला जातो, त्याला खड्डे पडतात आणि गळती सुरू होते. गाडी पाहायला गेल्यावर खाली वाकून दोन्ही बाजूंच्या हेडखाली बोट फिरवावे. ओलसर, चिकट थर हाताला लागला, तर विक्रेता कितीही ‘किरकोळ आहे’ म्हणाला तरी हेड उतरवण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत. हेड उतरवताना गंजलेले स्टड (हेड आवळून धरणारे बोल्ट) तुटण्याची शक्यता मोठी असते आणि एक स्टड तुटला की काम पुष्कळ वाढते.

कूलंट भरणे हेही टी-३ मध्ये एक स्वतंत्र कौशल्य आहे. बॉक्सर इंजिनाच्या गाडीत मागच्या नंबरप्लेटच्या झडपेआड भरण्याची टाकी असते आणि दाबाखालची दुसरी टाकी इंजिनाच्या कप्प्यात. यंत्रणेतली हवा काढण्यासाठी गाडीचे तोंड रॅम्पवर वर घ्यायचे, हीटर पूर्ण उघडा ठेवायचा, पुढची जाळी काढून रेडिएटरच्या माथ्यावरचा स्क्रू सैल करायचा आणि बुडबुडे थांबून सलग धार लागेपर्यंत मागे कूलंट ओतत राहायचे. हे नीट झाले नाही, तर हवा कुठेतरी अडकून राहते आणि पहिल्याच मोठ्या चढावर तापमानाचा काटा वर जातो. माहीतगार माणसाला यात अवघड काही नाही. पण टी-३ कधीच न हाताळलेल्या गॅरेजमध्ये हे काम अर्धवट होण्याची भीती असते, आणि असे माहीतगार फिटर आता निवृत्त होत चालले आहेत. शिवाय इंजिनाचे झाकण मागच्या गादीखाली असते. सहलीवर असताना काही बिघडले, तर गादी, अंथरूण, पिशव्या, सगळा संसार आधी बाहेर काढावा लागतो.

टी-४ मध्ये इंजिन पुढे आडवे बसवलेले आहे आणि पुढचीच चाके ओढतात. त्यामुळे नळ्या आखूड, मागची जमीन सपाट आणि खाली, आणि झोपण्याच्या जागेचा इंजिनाशी काही संबंध नाही. डिझेलमध्ये निवड करायची तर माझा कल पाच सिलिंडरच्या दोन इंजिनांकडे आहे: ७८ अश्वशक्तीचे २.४ लिटरचे साधे डिझेल, आणि १९९५ पासून मिळू लागलेले १०२ अश्वशक्तीचे २.५ लिटरचे टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल. पहिले संथ, पण अतिशय सोशिक आहे. दुसरे भरल्या गाडीसह घाट चढायला पुरेसे आहे आणि इंधनही बेताने पिते. या इंजिनांचे दुखणे म्हणजे टायमिंग बेल्ट, झडपांची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा. पुढे एक बेल्ट असतो आणि मागच्या बाजूला इंधनपंपासाठी वेगळा. पुढचा बेल्ट तुटला की झडपा पिस्टनवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. म्हणून ‘बेल्ट बदलला आहे’ या तोंडी वाक्यावर विसंबू नये. किती किलोमीटरवर बदलला, दोन्ही बदलले का, सोबत ताण देणाऱ्या पुली आणि पाण्याचा पंप बदलला का, याचे बिल मागावे. बिल नसेल तर गाडी ताब्यात घेतल्यावर पहिला खर्च हाच, असे धरून चालावे. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची टी-४ मी तरी टाळीन.

वेगाचा प्रश्न वरवरचा वाटतो, पण सहलीची आखणी त्यावरच अवलंबून असते. हॅनोव्हरहून दक्षिणेला जाणाऱ्या ए-७ महामार्गावर कासेलच्या आसपास लांब चढ लागतात. तिथे ५० अश्वशक्तीची १.६ लिटर डिझेलची टी-३ मालवाहू ट्रकांच्या रांगेत जाऊन बसते. ७० अश्वशक्तीच्या टर्बो डिझेलने हा त्रास कमी होतो, पण तेही उन्हाळ्यात फार रेटून चालत नाही. ज्यांना दोन आठवड्यांच्या रजेत इटली गाठून परतायचे आहे, त्यांनी याचा हिशेब आधी करावा. सुरक्षेचेही तसेच आहे. टी-३ मध्ये चालकाच्या पुढे जवळजवळ काहीच नाही आणि मागच्या बाकावर अनेकदा फक्त कमरेचे पट्टे असतात. नंतरच्या टी-४ मध्ये एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग मिळू शकते. मुलांची आसने कशी बसतील, हे खरेदीपूर्वी आसन सोबत नेऊन प्रत्यक्ष बसवून पाहावे.

आता गंजाविषयी, कारण माझ्या मते निर्णय इंजिनापेक्षा पत्र्यावरच व्हायला हवा. टी-३ चे पत्रे जिथे एकमेकांना जोडले आहेत, त्या उभ्या-आडव्या सांध्यांत लवचीक सीलंट भरलेला असतो. कालांतराने तो तडकतो, आत पाणी शिरते आणि गंज आतून बाहेर येतो. सांध्यालगतच्या रंगाला तांदळाच्या दाण्याएवढे फुगे दिसले तर नखाने हलकेच दाबून पाहावे. सीलंट सुटून खालून तपकिरी भुकटी निघाली, तर आतली अवस्था बाहेरच्यापेक्षा वाईट आहे असे समजावे. स्वयंपाकाच्या कपाटांची बाजू विशेष पाहावी. तिथे पाणी भरण्याचे तोंड, वीजजोडणी आणि फ्रिजचा धूर जाण्याची वाट यांसाठी पत्रा कापलेला असतो, आणि आतले उष्णतारोधक आवरण ओल धरून ठेवते. या भागाचे वेल्डिंग करायचे तर आधी सगळी कपाटे उतरवावी लागतात, म्हणजे पत्राकाम, सुतारकाम आणि रंगकाम अशी तिहेरी मजुरी चढते. टी-४ गंजत नाही असे मुळीच नाही. पुढच्या दारांच्या पायऱ्या, दाराखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी, समोरच्या काचेची चौकट आणि ब्रेकच्या नळ्या तपासाव्यातच. पण एकंदरीत तिचा पत्रा अधिक टिकाऊ आहे आणि दुरुस्तीचे तुकडे सहज मिळतात.

कागदपत्रांच्या बाबतीत टी-३ ला पूर्वी असलेला मोठा फायदा आता कमी होत आहे. पहिल्या नोंदणीला तीस वर्षे झालेल्या, मूळ स्वरूप जपलेल्या गाडीला ‘एच’ अक्षराची नंबरप्लेट मिळते. मग वर्षाचा कर सरसकट सुमारे १९२ युरो लागतो आणि शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रांत कमी प्रदूषणाच्या हिरव्या स्टिकरशिवाय जाता येते. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या टी-४ या वयात पोहोचल्या आहेत. तीस वर्षांहून तरुण टी-४ डिझेलला मात्र धुरातली काजळी अडवणारा फिल्टर बसवल्याशिवाय हिरवे स्टिकर मिळणे कठीण असते, आणि ते नसेल तर बहुतेक पर्यावरण क्षेत्रांत प्रवेश नाही. शहराच्या मध्यभागी राहणाऱ्याने ही गोष्ट किमतीआधी तपासावी. गाडीची नोंद निवासी वाहन म्हणून आहे की प्रवासी मोटार म्हणून, यावरही कर बदलतो. पुढे मायदेशी परतताना गाडी सोबत नेऊ, असे कोणी मनात धरत असेल तर ते सोडून द्यावे: तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार भारतात आणता येत नाही, आणि स्टीअरिंगही उजवीकडे असावे लागते.

राहण्याच्या सोयींत फारसा फरक नाही. टी-३ चा फ्रिज गॅसवरही चालतो, पण त्यासाठी गाडी समतल उभी करावी लागते. टी-४ मध्ये साधारणपणे बॅटरीवर चालणारा कंप्रेसरचा फ्रिज असतो, म्हणून दुसरी बॅटरी चांगल्या स्थितीत हवी. छताच्या कापडाच्या शिवणी दोन्हींत पाहाव्यात, आणि गॅसच्या तपासणीचा चालू दाखला दोन्हींसाठी मागावा.

चांगल्या अवस्थेतल्या दोन्ही गाड्या आज पाच आकडी युरोंत जातात. हाताशी असलेली सगळी रक्कम खरेदीत घालू नये. निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा, टी-३ साठी त्याहून अधिक. आणि समोर दोनच पर्याय उरले, म्हणजे एकीकडे इंजिन गेलेली पण कोरड्या, निरोगी पत्र्याची टी-३ आणि दुसरीकडे झकास चालणारी पण दाराखाली सडलेली टी-४, तर मी माझे वरचे मत बाजूला ठेवून टी-३ उचलीन. इंजिन एका आठवड्यात बदलून मिळते. सडलेल्या सांगाड्याला कुठपर्यंत वेल्डिंग लागेल, हे काम सुरू करण्याआधी कोणताही प्रामाणिक फिटर सांगू शकत नाही.